वेंगुर्ल्यात राहून बास्केटबॉल कोच होता येईल का? आधी एक पावसाळा काढ

तुझा प्रश्न वाचला आणि दोन दिवस तोच डोक्यात घोळत होता. थोडक्यात असं की तू वेंगुर्ल्याची, वय २३, मुंबई विद्यापीठाच्या झोनलपर्यंत खेळलीस, बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालं, आता इथल्याच एका इंग्लिश मीडियम शाळेत पीटी टीचरची १२ हजारांची नोकरी चालून आलीय, दुसरीकडे पुण्यातली एक अकॅडमी असिस्टंट म्हणून बोलावतेय आणि तुला मात्र व्हायचंय पूर्णवेळ बास्केटबॉल कोच. घरी आजी विचारते, "बॉल उडवून पोट भरतला काय गो?" मी २००३ पासून सिंधुदुर्गात हेच काम करतोय, शाळेत आणि शाळेबाहेर, त्यामुळे जे बघितलंय ते सांगतो. लांबेल, पण तुझा प्रश्नच तेवढा मोठा आहे.

माझं म्हणणं असं की शाळा की पुणे हे आत्ता ठरवूच नकोस. मिरग, म्हणजे मृग नक्षत्राचा पाऊस, आठ-दहा दिवसांवर आलाय. वेंगुर्ल्यातली नऊ ते अकरा वर्षांची बारा पोरं गोळा कर, निम्म्या तरी मुली असू देत, आणि जून ते सप्टेंबर पूर्ण एक पावसाळा त्यांना शिकव. आठवड्याला चार दिवस, रोज सव्वा तास. फी घे, दोनशे रुपये का होईना पण घे, कारण फुकट असलं की आईबाप आभाळ बघून पोराला घरी ठेवतात. सप्टेंबरच्या शेवटी बारातली किती राहिली ते मोज. आठ राहिली तर तू कोच होशील, मग पुणे असो की वेंगुर्ले. तीनच राहिली तर गेलेल्या नऊ जणांच्या घरी जा, का सोडलं ते विचार, आणि ते शांतपणे ऐकून घेता आलं तरीही होशील.

पावसाळाच का, तर आपल्याकडे खरा प्रश्न तोच आहे. जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा ह्या चार महिन्यांत पडतो. इनडोअर कोर्ट म्हणावं असं हाताशी काही नसतं. उघड्या सिमेंटच्या कोर्टवर पंधरा दिवसांत शेवाळ धरतं, आणि शेवाळावर लेअप (पळत येऊन रिंगपाशी उडी मारून बॉल टाकणं) मारायला पोराला पाठवणं म्हणजे मनगट मोडून घेणं. त्यामुळे इथं बहुतेक सगळे काय करतात, जूनला बंद आणि दसऱ्यानंतर चालू. मीही पहिली तीन वर्षं तेच केलं. ऑक्टोबरात पोरं परत यायची तेव्हा मार्चमधे शिकवलेलं सगळं विसरलेली असायची, मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो आणि शालेय स्पर्धा डोक्यावर आलेली असायची. मला वाटायचं कोकणात हे असंच असणार.

२००६ ला मुलींची टीम घेऊन विभागीय स्पर्धेला गेलो. आपला जिल्हा कोल्हापूर विभागात येतो हे तुला माहितीच आहे, म्हणजे घाट चढून वर गेलं की समोर वर्षभर कोर्ट मिळणारी पोरं उभी असतात. आमच्या मुली पळण्यात कमी नव्हत्या, दमात तर मुळीच नाही, पण बॉल हातात आला की पाय हलायचे. मी वहीत आमची ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल हातात धरून जास्तीची पावलं टाकण्याची चूक, मोजली, पहिल्या हाफमधेच सतरा. सतरा वेळा बॉल शूट न मारता, कोणी न हिसकावता, नुसता पायांमुळे समोरच्यांना दिला. परत येताना एसटीत तीच वही उघडून बसलो होतो आणि गगनबावड्याचा घाट उतरता उतरता माझ्या लक्षात आलं की पाय शिकवायला रिंग लागत नाही. कोर्टही लागत नाही. शाळेचा व्हरांडा पुरतो.

पुढच्या जूनपासून व्हरांड्यात सुरू केलं. सहा मीटर बाय तीन मीटरची जागा, लादीवर खडूने चौकोन आखलेले. धावत येऊन दोन्ही पायांवर एकदम थांबणं म्हणजे जंप स्टॉप, एकापाठी एक पाय टेकून थांबणं म्हणजे स्ट्राइड स्टॉप, मग एक पाय रोवून दुसऱ्याने पुढं मागं वळणं म्हणजे पिव्होट. एवढंच, पण रोज. वरच्या मजल्यावर क्लास चालायचा आणि बॉलच्या आवाजाची तक्रार आली, म्हणून मी ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत नेणंच बंद केलं, फक्त पास. तीन विरुद्ध तीन, ड्रिबल नाही, सलग आठ पास झाले की एक पॉइंट. आवाज गेला आणि एक गोष्ट आपोआप झाली, पोरं बॉल नसतानाही हलायला लागली, कारण ड्रिबल नाही म्हटल्यावर जो मोकळा होत नाही त्याला कोण पास देणार. त्या ऑक्टोबरात कोर्टवर उतरलो तेव्हा टीम ओळखू येत नव्हती. आज जिल्ह्यात माझ्या मुलांबद्दल कोणी चांगलं बोललं तर पायांबद्दल आणि पासिंगबद्दल बोलतं, ते सगळं त्या व्हरांड्याचं देणं आहे.

आता खेळणं आणि शिकवणं ह्यातला फरक. तू चांगली खेळलीस हे चांगलंच आहे, डेमो दाखवता येतो, पोरं लगेच विश्वास ठेवतात. पण चांगल्या खेळाडूला हात-पाय काय करताहेत ते कळत नाही कारण त्याला ते न बघता जमलेलं असतं. कोचला बघावं लागतं. शॉट आखूड पडला की नवीन कोच ओरडतो, जोर लाव. जुना कोच आधी गुडघे बघतो, मग कोपर, मग बॉल सुटताना मनगट. दहा वर्षांच्या पोराने ३.०५ मीटरच्या रिंगवर मोठा बॉल फेकला तर तो खांद्यावरून दोन्ही हातांनी ढकलणारच, तिथं चूक त्याची नाही. मिनी बास्केटबॉलची रिंग २.६० मीटरवर असते आणि बॉल पाच नंबरचा, तो का ते एकदा अशा पोराला बघितलं की कळतं. खालची रिंग नसेल तर भिंतीवर त्या उंचीला खडूने गोल काढ, पण लहान पोराला उंच रिंगवर मारायला लावून शॉट बिघडवू नकोस, पुढं तो सुधारायला दोन-तीन वर्षं जातात.

आणि रांगा. कोकणातल्या कुठल्याही शाळेत जा, वीस पोरं, दोन बॉल, एक लांब रांग, एकेक जण येतो, लेअप मारतो आणि मागं जाऊन उभा राहतो. तू घड्याळ लाव आणि एकच पोरगी बघ, तासाभरात बॉल तिच्या हातात किती मिनिटं होता. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा चार मिनिटं पण भरली नाहीत, उरलेला वेळ ती पुढच्या मुलीची वेणी ओढत होती, तिचा काय दोष. तेव्हापासून माझी सगळी प्रॅक्टिस दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत असते. दोघांत एक बॉल मिळेपर्यंत मी लोकांकडे मागत फिरलो, लग्नाला, बारशाला बोलावलं तर सांगायचो आहेर देऊ नका, बॉल द्या. प्रॅक्टिसचा प्लॅन आदल्या रात्री वहीत लिही, मिनिटांसकट. जॉन वुडन म्हणून अमेरिकेतले कोच होते, यूसीएलए कॉलेजला त्यांनी १९६४ ते १९७५ ह्या बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, ते सुद्धा रोजची प्रॅक्टिस कार्डावर मिनिटामिनिटाने लिहून न्यायचे. आपण न लिहिता जायचं काही कारणच नाही.

सर्टिफिकेटचं सांगतो, ते सगळे आधी विचारतात पण मला मधेच सांगायचं होतं. बी.पी.एड.मुळे शाळेचं दार उघडतं, कोच होत नाही. कोचिंगसाठी आपल्याकडे मानाचं म्हणजे पतियाळाचं एनआयएस (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स), १९६१ पासूनची संस्था. तिथं एक वर्षाचा डिप्लोमा असतो आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो. सहा आठवड्यांचा लवकर करून घे, पण त्यावर थांबू नकोस. सरकारी किंवा मोठ्या संस्थेची नोकरी निघते तेव्हा डिप्लोमा विचारतात. डिप्लोमाला ग्रॅज्युएशन, खेळल्याची सर्टिफिकेटं आणि फिटनेस-स्किलची टेस्ट असते, म्हणून तुझी झोनलची सर्टिफिकेटं लॅमिनेट करू नकोस, ओरिजिनल नीट फाइलला लाव, पावसाळ्यात प्लास्टिकच्या डब्यात ठेव, माझी दोन वाळवीने खाल्ली. फिबाचे, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, कोचिंगचे लेव्हल कोर्स आहेत, लेव्हल वनपासून, फेडरेशन जाहीर करते तेव्हा भर. आणि रेफरीची परीक्षा नक्की दे. कोच म्हणून मला सगळ्यात जास्त शिकवलं ते शिट्टीने. २०१७ ला फिबाने ट्रॅव्हलिंगचा नियम बदलला, चालता चालता बॉल हातात घेताना जो पाय जमिनीवर असतो तो मोजत नाहीत, त्यानंतर दोन पावलं. आपल्याकडे कित्येक कोच अजून जुनंच शिकवतात, पोरं एक पाऊल कमी टाकतात आणि लेअप लांबून मारतात. रेफरी असलीस की नियमाचं नवं पुस्तक हातात येतं, वर स्पर्धेचं थोडं मानधनही मिळतं.

पैसे. मी २००३ ला महिना दीड हजारावर सुरू केलं. आज जे काय कमावतो ते एका ठिकाणाहून येत नाही. सकाळी शाळा, संध्याकाळी स्वतःच्या दोन बॅचेस, मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावाला येतात तेव्हा समर कॅम्प, सीझनमधे रेफरीशिप, कधी कॉलेजची टीम झोनलसाठी तयार करून देणं. तालुक्याच्या गावात महिना पाचशेच्या वर फी मागितली की लोक विचार करतात. सरकारचं क्रीडा मार्गदर्शक हे पद असतं पण भरती क्वचित निघते, त्याच्या आशेवर बसून राहू नकोस, निघाली की अर्ज कर आणि आपलं काम चालू ठेव. खेलो इंडियाची छोटी सेंटर चालवणारे माजी खेळाडू आहेत, तेही बघून ठेव. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या शाळा आणि क्लब चांगला पगार देतात, गोव्यातल्या प्रायव्हेट शाळाही इथल्यापेक्षा बऱ्या. पण लेखी घे. मला एका संस्थेने पूर्ण वर्षभर काम करून घेतलं, टीम जिल्ह्यात पहिली आली, आणि शेवटचे पाच महिन्यांचे पैसे दिलेच नाहीत, कारण माझ्याकडे कागदच नव्हता, तोंडी शब्द होता. तेव्हा मोठी मुलगी दोन महिन्यांची होती आणि बायकोने शिवण करून घर काढलं. ते मी विसरलेलो नाही. म्हणून सांगतो, किती तास, किती पैसे, कुठल्या तारखेला, कोर्टची देखभाल कोणाची, पोरगं पडलं तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे सगळं सहीशिक्क्यासह.

पाच वर्षं तरी ओढाताणीची जातील, आजीला हे खरं खरं सांग. पण बाई म्हणून तुला मुभा कमी आहे असं वाटत असेल तर पॅट समिट ह्यांचं बघ. १९७४ ला बाविसाव्या वर्षी अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या टीमची हेड कोच झाली, महिना २५० डॉलर, टीमची व्हॅन स्वतः चालवायची, युनिफॉर्म स्वतः धुवायची. २०१२ ला थांबली तेव्हा १०९८ मॅचेस जिंकलेल्या आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं. आणि एनबीए ह्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या मियामी हीट टीमचा एरिक स्पोल्स्ट्रा १९९५ ला तिथं व्हिडिओ रूममधे लागला, दुसऱ्यांच्या मॅचेस कापून देणारा पोरगा, २००८ ला त्याच टीमचा हेड कोच झाला आणि २०१२, २०१३ ला एनबीए जिंकली. म्हणजे कुठून सुरू करतेस ह्यानं तितकंसं बिघडत नाही, त्या जागी बसून तू काय बघतेस त्याला महत्त्व आहे. तुझ्याकडे मोबाइल आहे, ट्रायपॉड नसेल तर खिडकीच्या गजाला बांध, प्रत्येक मॅच शूट कर आणि रात्री फक्त डिफेन्स बघ. मी पोरांना २०१४ ची भारत-चीन मॅच पुन्हा पुन्हा दाखवतो, वुहानला आशिया कपमधे आपण ६५-५८ ने जिंकलो ती, स्कॉट फ्लेमिंग आपले कोच होते. त्यातला अमृतपाल सिंग शेतकऱ्याच्या घरातला, बास्केटबॉल खूप उशिरा हातात घेतलेला. आंब्याच्या बागेत पेट्या उचलणारं उंच पोरगं मला कुठं दिसलं की मी गाडी थांबवून वय विचारतो, ती सवय त्याच्यामुळे लागली.

मॅचच्या दिवशीचं थोडं. टाइमआउट एक मिनिटाचा असतो, पहिल्या हाफमधे दोन, दुसऱ्यात तीन. पोरं बेंचवर येऊन पाणी पिऊन मान वर करेपर्यंत वीस-पंचवीस सेकंद गेलेले असतात. उरलेल्या वेळात दोन गोष्टी सांग, तिसरी सांगितलीस तर पहिली विसरतात. "पाच नंबरला डावीकडे जाऊ देऊ नका, आणि रिबाउंडला (रिंगवरून उसळलेल्या बॉलला) आधी माणूस अडवा." बस. रेफरीवर ओरडू नकोस, स्वतःच्या नावावर वागणुकीबद्दलचे दोन टेक्निकल फाउल झाले की कोचला बाहेर जावं लागतं, आणि तू बाहेर गेलीस की बारा-तेरा वर्षांची पोरं बेंचकडे बघतात तेव्हा तिथं कोणी नसतं. शिवाय आज ओरडलीस त्या रेफरीसमोर तुला पुढची वीस वर्षं उभं राहायचंय, जिल्हा केवढासा आहे.

आता जी गोष्ट मी सहसा सांगत नाही ती सांगतो कारण तू मुलींना शिकवणार आहेस. २००९ ला विभागाच्या सेमीफायनलला माझ्या सगळ्यात चांगल्या मुलीचा गुडघा तिसऱ्या क्वार्टरला मुरगळला. ती म्हणाली सर मी खेळते. मी बर्फ लावला, पट्टी बांधली आणि चौथ्या क्वार्टरला तिला परत उतरवलं. आम्ही चार पॉइंटने मागे होतो. पाचव्या मिनिटाला ती एकटीच उडी मारून खाली उतरताना कोसळली, कोणाचा धक्का नाही, काही नाही. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य लिगामेंट, तुटला होता. तिच्या वडिलांची होडी, त्यावर घर चालणारं, ऑपरेशनला त्यांनी कर्ज काढलं, माझ्याकडचं होतं नव्हतं ते मी दिलं पण त्यानं काही भरून निघत नाही. ती पुन्हा कधी खेळली नाही. "सर मी खेळते" हे चौदा-पंधरा वर्षांची मुलगी म्हणणारच, नाही म्हणायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नाही. मुलींमधे ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं, माहीत असायला हवं होतं. आता माझ्याकडे प्रत्येक प्रॅक्टिसची पहिली पंधरा मिनिटं फक्त उतरण्याची असतात. उडी मारायची, दोन्ही पायांवर मऊ उतरायचं, गुडघे वाकलेले, आणि गुडघा आत वळता कामा नये, पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. मग एका पायावर. मग हलका धक्का दिल्यावर. हे पावसाळ्यात व्हरांड्यात करायला उत्तम. आणि गुडघा मुरगळला की मॅच संपली, फायनल असली तरी, ह्यावर माझ्याशी कोणी वाद घालत नाही.

मुलींना बाहेरगावी नेताना बाई मॅनेजर लागतेच, आणि त्यामुळेच इथं तुझ्यासारखीची फार गरज आहे. कित्येक आई मला सांगतात, सर तुमच्यावर विश्वास आहे पण दोन रात्री बाहेर नाही पाठवणार. तू कोच असलीस तर त्यातल्या निम्म्या पाठवतील. स्पर्धेला जाण्याआधी घरोघरी जा, गाडीचा नंबर, राहण्याची जागा, परत येण्याची वेळ कागदावर लिहून दे. पॉक्सो हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा २०१२ चा आहे, तो वाच, मुलाबाबत काही गैर घडल्याचं कळलं तर कळवणं बंधनकारक आहे, संस्थेचं नाव जाईल म्हणून गप्प बसायला सांगतील, बसू नकोस. मुलीला पाळीत प्रॅक्टिसला यायचं की नाही हे तिला ठरवू दे, विचारायची लाज वाटणार नाही एवढं वातावरण ठेव. हे मी पुरुष म्हणून कधी नीट करू शकलो नाही, माझी एक जुनी खेळाडू आता असिस्टंट आहे तिने येऊन ते केलं.

इथलं वर्ष कसं चालतं ते पुण्यातल्या कोचला सांगून कळणार नाही. जून ते सप्टेंबर व्हरांडा. मधे गणपती, तेव्हा अकरा दिवस कोणाला बोलवूच नकोस, भजनं, फुगड्या, पाहुणे, उगाच राग धरशील. त्याच सुमारास जिल्हा शालेय स्पर्धा जवळ येतात, १४, १७, १९ वर्षांखालच्या, म्हणून नागपंचमीच्या आधी टीम पक्की पाहिजे. दिवाळीनंतर जत्रा आणि दशावतार, पोरं पहाटेपर्यंत नाटक बघतात, दुसऱ्या दिवशी सकाळची प्रॅक्टिस लावलीस तर रिकामं कोर्ट बघशील, संध्याकाळी लाव. मार्चला शिमगा आणि परीक्षा, एप्रिलला काजू-आंबा, घरच्यांना हात हवे असतात. हे सगळं धरून चाललं तरी वर्षाला दीडशे प्रॅक्टिस होतात, मी मोजून सांगतोय. रिंगचंही तसंच, खाऱ्या हवेत लोखंड दोन पावसाळ्यांत सोलतं. मेच्या शेवटी रेडऑक्साइड मार, नटबोल्टना ग्रीस लाव, जाळी काढून ठेव. सप्टेंबरला ब्लिचिंग पावडर टाकून कोर्ट खराट्याने घास, पालकांना बोलव, एका रविवारी होतं.

आणि एकच रिंग असेल तर रडू नकोस. थ्री बाय थ्री, म्हणजे तीन विरुद्ध तीनचा बास्केटबॉल, हाफ कोर्टवरच खेळतात, टोकियोपासून ऑलिंपिकमधे आहे. दहा मिनिटं किंवा २१ पॉइंट, शॉट क्लॉक (बॉल मिळाल्यावर शॉट मारायची मुदत) १२ सेकंदांचा, एक बदली खेळाडू धरून चार जणांची टीम. गावातल्या एका घरातली दोन आणि शेजारची दोन मिळून टीम होते. त्यात मॅच चालू असताना कोचला सूचना द्यायची परवानगीच नाही, म्हणजे पोरांनी स्वतः ठरवायचं. तू प्रॅक्टिसमधे नीट शिकवलंस की नुसतीच ओरडत होतीस, ते तिथं दिसतं.

तर पुणे की इथं. पावसाळा काढून झाला, पोरं टिकली, की एक वर्ष पुण्याला जा, पण अट घाल की तुला स्वतःची एक लहान गटाची बॅच मिळाली पाहिजे, नुसते प्लास्टिकचे कोन (शंकू) लावायला आणि हजेरी घ्यायला ठेवणार असतील तर नको. तिथल्या सीनियर कोचच्या वह्या बघ, मॅचेस बघ, त्याच वर्षात एनआयएसचा सहा आठवड्यांचा कोर्स बसव. मग परत ये आणि शाळेची नोकरी घे, ही नाहीतर दुसरी, पण बोलतानाच संध्याकाळच्या कोर्टचा हक्क मागून घे. आणि मग पाच वर्षं हलू नकोस. आपल्याकडे चांगले कोच झाले नाहीत असं नाही, ते दोन-दोन वर्षांनी मुंबईला गेले आणि पोरं दर वेळी नव्या सरांकडे जंप स्टॉपपासून सुरू करत राहिली. मुंबईतला नागपाडा बघ, तिथल्या गल्ल्यांतून देशाकडून खेळलेले किती बास्केटबॉलपटू आले. बच्चू खान तिथं वर्षानुवर्षं त्याच मैदानावर उभे राहिले, आज मैदानाला त्यांचं नाव आहे. दहा वर्षांची पोरगी राज्याला जायला सहा-सात वर्षं लागतात, तोपर्यंत तिला ओळखणारा कोणी कोर्टवर असायला पाहिजे ना.

सुरुवातीला सहा बॉल घे, रबरी, पाच नंबर. लेदर किंवा कंपोझिट पावसाच्या दमट हवेत फुगतात आणि बुरशी धरतात. हवा थोडी कमीच ठेव, लहान हातांना पकडायला सोपं आणि आवाजही कमी. एक जाड वही, खडू, दोन जुन्या साड्या लादी पुसायला, बर्फासाठी जवळच्या मासळीवाल्याशी बोलून ठेव, आम्ही अजून तिथूनच आणतो. पहिल्या दिवशी बॉल बाहेर काढूच नकोस. वुडन दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिसला मोठमोठ्या खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालायचे ते शिकवायचे, सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की खेळाडू आठवडाभर बाहेर. आपल्याकडे पोरं भिजून येतात, ओले मोजे तसेच. म्हणून प्रत्येकाला सांग, पिशवीत कोरड्या मोज्यांची एक जोडी आणि छोटा पंचा. पाय पुसायचे, बोटांच्या मधे सुद्धा, मग मोजा टाचेपासून ओढून गुळगुळीत करायचा, मग लेस खालपासून आवळायची. बारा जणांचे पाय तू स्वतः वाकून बघ. अर्धा तास जाईल, जाऊ दे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी वेंगुर्ल्याच्या बाजूला येणार आहे, तुझी वही घेऊन ठेव, मी व्हरांड्यात बसून एक प्रॅक्टिस बघीन.